गळ्यातली ग्रंथी आणि वेडाचा शिक्का : हाशिमोटो या नावाचा प्रवास

धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.

जालना एमआयडीसीच्या रस्त्याने निघालो की दोन गोष्टी ठळकपणे दिसतात. एक म्हणजे सळ्या भरलेले ट्रक, दुसरी म्हणजे बियाण्यांच्या कंपन्यांचे फलक. पोलाद आणि बियाणे या दोहोंवर हे शहर उभे आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये येथेच महिकोची स्थापना केली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अलीकडे या रस्त्यांवर तिसऱ्या प्रकारचा फलकही वारंवार दिसू लागला आहे : रक्ततपासणी केंद्राचा. त्यावर साखर, कोलेस्टेरॉल आणि ‘थायरॉइड प्रोफाइल’ ही नावे मोठ्या अक्षरांत असतात. त्या थायरॉइडच्या अहवालात कधी कधी एक ओळ अधिक छापून येते, ‘अँटी-टीपीओ’. तिच्यापुढचा आकडा जाड ठशात असला की घरात चिंता सुरू होते.

मागच्या एका धाग्याखाली याच भागातील एका तरुण वाचकाने प्रश्न विचारला होता : थायरॉइडमुळे माणसाचे डोके फिरू शकते का, आणि फिरत असेल तर पूर्वीच्या लोकांना ते कळत होते का? प्रश्नाचा पहिला भाग वैद्यकाचा आहे, दुसरा इतिहासाचा. त्या दुसऱ्या भागापायी मी बराच काळ वाचत राहिलो. उत्तर एका शब्दात ‘होय’ असे देता येते. परंतु त्या ‘होय’पर्यंत पोहोचायला माणसाला किती वळणे घ्यावी लागली, आणि शेवटी ज्याचे नाव या आजाराला मिळाले त्या माणसाचा त्याच्याशी किती थोडा संबंध होता, ही कथा अधिक रोचक आहे.

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. गळ्याला येणारी गाठ भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून परिचित होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन ग्रंथी, अपची आणि अर्बुद यांच्यासोबत येते. उन्मादाचा विचार मात्र वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या चौकटीत होतो. गळा आणि मन यांच्यामध्ये एखादा पूल असेल, असे कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते. युरोपातही परिस्थिती वेगळी नव्हती. अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, नेमकी कशासाठी आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कुणालाही सांगता येत नव्हते.

मग ज्या माणसाला भास होत, जो अचानक घरच्यांना ओळखेनासा होई, त्याचे काय होत असे? मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर राहणाऱ्यांना याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. जालन्याच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. जालना जिल्ह्यातच भोकरदन तालुक्यात जयदेववाडी येथे महानुभाव पंथाचे ‘जाळीचा देव’ हे स्थान आहे. मानसिक व्याधीने ग्रासलेल्या माणसांना घेऊन कुटुंबे अशा स्थानांवर पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली आहेत. व्हिएडा स्कल्टान्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील अशाच एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून 1987 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तिचे एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. रुग्णासोबत येऊन राहिलेल्या घरातल्या स्त्रिया स्वतः अंगात आणून घेत आणि त्या अवस्थेतून कुटुंबाचे दुखणे आपल्यावर ओढून घेत. अशा स्थानांवर जाणाऱ्यांना दुरून हसणे सोपे आहे. दुखणाईतासोबत महिनोन्‌महिने कुणीतरी राहत असे, ही गोष्ट त्या हसण्यात नजरेआड होते. तरीही एक कठोर सत्य उरतेच. ज्याच्या वेडाचे कारण ग्रंथीत होते, त्याला तेथे औषध मिळण्याची शक्यता नव्हती. ते औषध जगात कोठेच नव्हते.

येथून कथा लंडनला जाते.

1873 साली सर विल्यम गल यांनी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका विचित्र अवस्थेवर निबंध वाचला. चेहरा सुजट, जीभ जाड, बोलणे संथ, हालचाल मंद, आणि मनही मंदावलेले. पाच वर्षांच्या आत विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला ‘मिक्सीडीमा’ हे नाव दिले. दरम्यान स्वित्झर्लंडमध्ये थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत संपूर्ण ग्रंथी काढून टाकत होते. 1883 मध्ये त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासले, तेव्हा त्यांतील अनेकांची शरीरे आणि बुद्धी दोन्ही खुंटलेली आढळली. कोखर यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट जाहीरपणे मांडली. पुढे 1909 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्वतःच्या हातून झालेल्या हानीचा असा हिशेब मांडणारे फार थोडे आहेत.

गल यांच्या रुग्णांचे दुखणे आणि कोखर यांच्या रुग्णांचे दुखणे हे एकच आहे, असे फेलिक्स सेमन यांनी सुचवले. लंडनमधील अनेकांना ते प्रथम हास्यास्पद वाटले. सोसायटीने मग समिती नेमली आणि 1888 मध्ये तिचा प्रदीर्घ अहवाल आला. शंभराहून अधिक रुग्णांची माहिती त्यात गोळा केलेली होती. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो मैलाचा दगड आहे, कारण जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये भास किंवा भ्रम आढळल्याची नोंद त्यात आहे. काहींना दीर्घकाळ उदासीनता, काहींना उन्माद, काहींना बुद्धिभ्रंश. गळ्यातील ग्रंथी निकामी झाली की मनाचा तोल जाऊ शकतो, हे पहिल्यांदा आकड्यांसह कागदावर आले.

तीनच वर्षांनी, 1891 मध्ये, न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क 46 वर्षांच्या एका स्त्रीला टोचला. ती सुधारली. नुसती सुधारली असे नव्हे, तर पुढे अठ्ठावीस वर्षे जगून 1919 मध्ये वृद्धापकाळी गेली. तेवढ्या काळात 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क तिच्या पोटात गेला होता. त्यानंतर लगोलग वेड्यांच्या इस्पितळातील मिक्सीडीमाच्या रुग्णांवरही हा अर्क वापरला गेला आणि खिन्नतेने ग्रासलेला रुग्ण बरा झाल्याचे वृत्तांत 1892 पासून छापून येऊ लागले. वेडाच्या काही प्रकारांवर नेमका, कारणावर घाव घालणारा उपाय असू शकतो, हे ज्या थोड्या आजारांनी दाखवून दिले त्यांत हा एक अग्रणी.

यानंतर सर्व काही सुरळीत झाले असेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे झाले नाही. ज्ञान पुस्तकात होते, पण इस्पितळाच्या दारात पोहोचेपर्यंत ते विरून जाई. फुगलेला चेहरा आणि असंबद्ध बोलणे घेऊन आलेल्या बाईकडे डॉक्टर वेडी म्हणूनच पाहत. ए. जे. क्रोनिन यांच्या 1937 मधील ‘द सिटाडेल’ या कादंबरीत असा प्रसंग आहे. एका खाणकामगाराला वेडा ठरवून इस्पितळात धाडण्याचे कागद तयार होत असताना तरुण डॉक्टर मॅन्सन त्याच्यातला मिक्सीडीमा ओळखतो. क्रोनिन स्वतः डॉक्टर होते, म्हणूनच तो प्रसंग इतका नेमका उतरला. (याच कादंबरीवर विजय आनंद यांनी 1971 मध्ये देव आनंदला घेऊन ‘तेरे मेरे सपने’ काढला. चित्रपटाची गाणी आठवणाऱ्यांनी मूळ कादंबरीही अवश्य मिळवावी.)

वैद्यकाच्या भाषेत हा विषय पुन्हा जिवंत केला तो रिचर्ड ॲशर यांनी. 1949 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा ‘मिक्सीडीमॅटस मॅडनेस’ हा निबंध आला. त्यात चौदा रुग्णांची हकीकत आहे. त्यांतील बहुतेकांना मनोरुग्ण म्हणून पाहिले गेले होते आणि बहुतेक जण थायरॉइडच्या औषधाने बरे झाले. निबंधाचे नाव त्यांनी मुद्दाम भडक ठेवले होते. सौम्य नाव दिले असते तर कुणी वाचले नसते, हे त्यांना पक्के माहीत होते. आजार नसताना आजाराचे सोंग वठवून इस्पितळे पालथी घालणाऱ्यांच्या विकाराला ‘मुंचाउसेन सिंड्रोम’ हे नाव 1951 मध्ये देणारेही हेच. शब्दाची धार ओळखणारा डॉक्टर होता हा.

इथपर्यंतचा इतिहास सरळ आहे : संप्रेरक कमी पडले, मन ढासळले, संप्रेरक दिले, मन सावरले. धाग्याचा खरा विषय मात्र याच्या पुढचा आहे, आणि त्यासाठी आपल्याला 1912 मध्ये जपानला जावे लागेल.

हाकारू हाशिमोटो यांचा जन्म 1881 चा, जपानच्या मिए प्रांतातील इगा भागातला. वैद्यकी घराण्यातच होती. क्यूशू बेटावरील फुकुओकाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अगदी पहिल्या तुकडीतून 1907 मध्ये ते पदवीधर झाले आणि प्राध्यापक हायारी मियाके यांच्या शल्यविभागात काम करू लागले. तेथे चार स्त्रियांच्या गळ्यातून काढलेल्या ग्रंथींचे काप त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ग्रंथीच्या ऊतीत लसिकापेशींनी अक्षरशः गर्दी केली होती. जेथे संप्रेरक तयार व्हायचे, तेथे जणू सैन्याचा तळ पडला होता. हा कर्करोग नव्हे, क्षय नव्हे, ठाऊक असलेले दुसरे काहीही नव्हे, असे त्यांनी तपशिलाने दाखवले आणि 1912 मध्ये जर्मन भाषेत, जर्मन शल्यचिकित्सा नियतकालिकात निबंध छापला. वय होते एकतीस.

पुढे ते जर्मनीत शिकायला गेले, महायुद्धामुळे शिक्षण अर्धवट राहिले, वडील गेल्यावर ते गावी परतले आणि उरलेले आयुष्य गावचे डॉक्टर म्हणून काढले. रिक्षातून, म्हणजे माणसाने ओढायच्या जपानी रिक्षातून, ते रुग्णांच्या घरी जात. 1934 मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. आपले नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाणार आहे, याची कल्पना त्यांना असण्याचे कारण नव्हते. आणि एक गोष्ट येथे अधोरेखित करावीशी वाटते : त्यांच्या निबंधाचा विषय ग्रंथी हा आहे. वेड, भास, झटके, यांचा त्या शोधाशी काही संबंध नव्हता.

1912 या सालाचा आणखी एक योगायोग आहे. त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ आला. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने माणसाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याची पद्धत या कायद्याने घट्ट बसवली आणि 1987 चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत ती मूळ धरून राहिली. मुंबई इलाख्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि मध्य प्रांतात नागपूर ही मोठी ठिकाणे. आजही राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये हीच आहेत. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, तेव्हा हा कायदा येथे थेट लागू नव्हता. पण मराठवाड्याच्या वाट्याला असे इस्पितळ आलेच नाही, ही गोष्ट नकाशावर आजही दिसते. पाचव्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला जालन्यात मंजुरी मिळाली ती अगदी अलीकडे.

हाशिमोटोंच्या सूक्ष्मदर्शकाखालचे ते सैन्य कुणाचे होते, हा प्रश्न चव्वेचाळीस वर्षे अनुत्तरित राहिला. शरीर स्वतःवरच हल्ला करणार नाही, असा त्या काळच्या शास्त्राचा दृढ समज होता. पॉल एर्लिख यांनी त्या भयाला लॅटिन नावही देऊन ठेवले होते. 1956 मध्ये तो समज दोन ठिकाणी एकाच वेळी कोसळला. अमेरिकेत बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच थायरॉइडचा अर्क टोचून त्यांच्या ग्रंथीत तोच दाह निर्माण केला. लंडनला आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. डोनिआक यांच्या लक्षात असे आले होते की या रुग्णांच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन वाढलेले असते आणि ग्रंथी काढली की ते उतरते. शत्रू नाहीसा झाला की सैन्य पांगते, तसे. ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच शरीराला परके समजून त्यावर तुटून पडणाऱ्या आजारांचे आधुनिक शास्त्र येथून उभे राहिले.

आणि मग 1966. लॅन्सेटच्या सप्टेंबरच्या अंकात तीन पानांचा एक वृत्तांत आला. लेखकांत पहिले नाव होते लॉर्ड ब्रेन यांचे. होय, मेंदूतज्ज्ञाचे आडनावच ब्रेन. ते ‘ब्रेन’ नावाच्या नियतकालिकाचे संपादकही होते, तेव्हा कुणाला विनोद सुचला असेल तर तो ब्रिटनमध्ये आधीच करून झालेला आहे. सर विन्स्टन चर्चिल यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी ते एक.

त्यांचा रुग्ण मध्यमवयीन पुरुष होता. त्याला हाशिमोटोचा आजार होता आणि त्यावर थायरॉइडचे औषध चालू होते. तरीही त्याला पुन्हा पुन्हा झटके येत. कधी अर्धांगासारखी एक बाजू लुळी पडे, कधी वाचा जाई, कधी तो संपूर्ण गोंधळून जाई, अस्वस्थ होई, त्याला भास होत, कधी शुद्धच हरपे. मग काही काळाने तो सावरे. पुन्हा सर्व सुरू. पक्षाघात म्हणावा, तर तो असा जागा बदलत येत-जात नाही. मिक्सीडीमाचे वेड म्हणावे, तर संप्रेरकाची उणीव औषधाने भरून काढलेली होती.

म्हणजे ॲशर यांचा सरळ हिशेब येथे लागू पडत नव्हता. संप्रेरक पुरेसे, तरी मेंदू बिघडलेला. उरलेली एकच खूण म्हणजे रक्तातील प्रतिपिंडांचे प्रचंड प्रमाण. प्रतिपिंडे आणि मेंदूचा विकार यांच्यात काही नाते असावे, अशी शंका ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. शंकाच, निर्णय नव्हे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लॉर्ड ब्रेन वारले.

पुढची पंचवीस वर्षे तुरळक वृत्तांत येत राहिले. 1991 मध्ये पामेला शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ‘हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथी’ हे नाव येथून सर्वत्र रुजले आणि स्टेरॉइड दिले की रुग्ण सुधारतो हा मुद्दाही. गंमत अशी की हे संशोधकही न्यूकॅसल परिसरातलेच. मरे यांच्या मेंढीच्या अर्कानंतर नेमकी शंभर वर्षे.

या आजारात मनाचे काय होते, ते आता थोडे विस्ताराने सांगतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. सर्वांत मोठी खूण म्हणजे वेग आणि चढउतार. वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारे दुखणे हे नव्हे. काही दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस बदलतो. स्वयंपाकघरात उभी असलेली बाई गॅस का पेटवला ते विसरते, घरातच वाट चुकते. नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. कुणीतरी आपल्या जेवणात काही घालते आहे, असा संशय बळावतो. कुणी खोल उदासीनतेत जाते, कुणी उलट अखंड बोलते, झोप विसरते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. याच्यासोबत शरीराच्याही खुणा येतात : हात थरथरणे, अंगाला अचानक हिसके बसणे, आकडी, चालताना तोल जाणे, थोड्या वेळापुरती वाचा बसणे. काही रुग्णांत पक्षाघातासारखे झटके पुन्हा पुन्हा येतात, काहींत बुद्धी आणि वागणे सलगपणे ढासळत जाते. असे दोन ढोबळ प्रकार डॉक्टर सांगतात. रुग्णांत स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक. हा आजार अतिशय दुर्मीळ आहे. लाखात दोनच्या आसपास असा एक अंदाज दिला जातो.

मेंदूच्या आलेखात लहरी मंदावलेल्या दिसतात, पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात, एमआरआय मात्र अनेकदा स्वच्छ असतो. एमआरआय स्वच्छ, म्हणून दुखणे ‘मानसिक’, असा निष्कर्ष निघतो आणि रुग्ण मनोविकारांच्या वाटेला लागतो. अमेरिकेतील मायो क्लिनिकने 2006 मध्ये वीस रुग्णांचा अभ्यास छापला तेव्हा उलट बाजूही दिसली : यांतील काहींना आधी विषाणूजन्य मेंदूज्वर, काहींना न सुधारणारा बुद्धिभ्रंश, काहींना तर असाध्य क्रॉइट्झफेल्ड-जेकब आजार ठरवला गेला होता. असाध्य म्हणून सोडून दिलेला माणूस स्टेरॉइडने उठून बसतो, हे पाहणाऱ्या डॉक्टरला त्या नावाविषयी किती ओढ वाटली असेल, याची कल्पना करता येते.

त्या ओढीनेच पुढचा घोळ झाला.

थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे दुर्मीळ नाहीत. मुळीच नाहीत. भारतातील आठ शहरांत, ज्यांत मुंबई आणि गोवा यांचाही समावेश होता, सुमारे साडेपाच हजार प्रौढांची पाहणी झाली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे 11 टक्के लोकांमध्ये थायरॉइडची उणीव आढळली आणि जवळपास 22 टक्क्यांमध्ये अँटी-टीपीओ प्रतिपिंडे. दर पाच माणसांत एक! कंपनीच्या फाटकातून पाळी सुटल्यावर शंभर जण बाहेर पडले तर त्यांतील वीस-बावीस जणांच्या रक्तात ती सापडू शकतील, आणि त्यांतील जवळपास कुणालाही मेंदूचा आजार नसेल. मग ज्याला भास होत आहेत त्याच्या रक्तात ती सापडली, एवढ्यावरून भासांचे कारण तीच, असे कसे म्हणावे? ज्यांना इतिहासाची आवड आहे त्यांना हा तर्कदोष चांगला ओळखीचा असेल. एकाच दप्तरात दोन कागद सापडले म्हणजे त्यांचा एकमेकांशी संबंध होताच, असे नसते.

दरम्यान 2007 मध्ये होसेप दालमाऊ यांनी मेंदूच्या पेशीवरील एनएमडीए ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधली. तरुण मुलींना अचानक लागलेल्या ‘वेडा’चे एक निश्चित, मोजता येणारे कारण हाती आले. तशी आणखी प्रतिपिंडे सापडत गेली. ज्यांना पूर्वी हाशिमोटोच्या नावाखाली घातले गेले असते, अशा काहींचे खरे कारण वेगळेच निघू लागले. 2016 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी म्हणूनच अट घातली : इतर सर्व ज्ञात कारणे आणि प्रतिपिंडे वगळल्यावरच हे नाव वापरावे. 2021 मध्ये मायो क्लिनिकने हाशिमोटो एन्सेफॅलोपॅथीच्या संशयावरून पाठवलेल्या 144 रुग्णांचा पुन्हा हिशेब लावला, तेव्हा सुमारे पाऊण भाग रुग्णांचे दुखणे ऑटोइम्यून नव्हतेच. त्यांतील अनेकांना विनाकारण स्टेरॉइड मिळाली असती, आणि स्टेरॉइड हे काही निरुपद्रवी औषध नव्हे. दीर्घकाळ दिले तर ते स्वतःच साखर वाढवते, हाडे पोखरते आणि कधी कधी मनही बिघडवते.

आज बहुतेक जाणकार असे मानतात की थायरॉइडची प्रतिपिंडे बहुधा मेंदूवर हल्ला करणारी नव्हेत. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरलेली आहे याची ती खूण आहेत. मेंदूवर कोण हल्ला करते, ते अद्याप हाती लागलेले नाही. जपानमधील फुकुई येथील माकोतो योनेदा यांनी अल्फा-एनोलेझ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे पुढे केली होती. पुढच्या अभ्यासांत तीही निर्णायक ठरली नाहीत. म्हणजे ज्या आजारात हाशिमोटोंनी वर्णिलेली ग्रंथी कदाचित केवळ साक्षीदार आहे, त्याला हाशिमोटोंचे नाव आहे. नाव बदलावे असे अनेकांनी सुचवले, ‘स्टेरॉइडला प्रतिसाद देणारा’ अशी लांबलचक संज्ञाही केली. पण सर्वच रुग्ण स्टेरॉइडला प्रतिसाद देत नाहीत, तेव्हा तीही लंगडी.

महाराष्ट्राचा या इतिहासात स्वतंत्र दुवा आहे, तोही सांगून टाकतो. 1963 मध्ये परळला टाटा मेमोरियलच्या आवारात अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून येणाऱ्या किरणोत्सारी आयोडीनने थायरॉइडचे निदान आणि उपचार करणारे हे देशातील अग्रगण्य केंद्र ठरले. रक्तातील संप्रेरके सूक्ष्म प्रमाणात मोजण्याची साधने परदेशातून आणणे महाग होते, तेव्हा ती देशात बनवण्याचे कामही भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिवारातच झाले. जालन्यातल्या फलकावर आज सहज छापलेली ‘प्रोफाइल’ एके काळी मनमाडच्या मीटरगेज गाडीने निघून मुंबई गाठल्याशिवाय मिळण्यासारखी नव्हती.

आता वाचकाच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. पूर्वीच्या कुणाला हा आजार असेल का? या ठिकाणी मोह फार होतो. जालन्याहून देवगिरी काही दूर नाही. राजधानी तेथे आणणाऱ्या महंमद तुघलकाला आपण ‘वेडा महंमद’ म्हणून मोकळे होतो आणि बेभरवशाच्या कारभाराला आजही त्याचे नाव देतो. सवाई माधवराव ऑक्टोबर 1795 मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून गेले; ज्वराच्या भरातील भ्रम की आत्मघात, हा वाद अजून चालू आहे. अशा प्रत्येक नावापुढे कुणीतरी आधुनिक आजाराचे लेबल लावून देतो आणि ते भराभर पसरते. माझे मत विचाराल तर हे करू नये. बखरीत प्रतिपिंडे सापडत नाहीत. जो आजार आज रक्त, मेंदूचा आलेख आणि पाठीचे पाणी तपासूनही खात्रीने ठरवता येत नाही, तो दोन ओळींच्या वर्णनावरून सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला चिकटवणे म्हणजे इतिहासही नव्हे आणि वैद्यकही नव्हे.

1888 चा अहवाल आणि ॲशर यांचा निबंध यांचे मोल येथेच आहे. त्यांच्याकडे रुग्ण समोर होता आणि पुढे उपायही होता. औषध दिले, मन परत आले, म्हणून कारण सिद्ध झाले. येरवडा किंवा ठाण्याच्या जुन्या नोंदवह्यांत ‘खिन्नता’ किंवा ‘उन्माद’ एवढेच लिहून बंद झालेल्या बायकांपैकी कितीजणींचा चेहरा सुजट होता, आवाज घोगरा झाला होता, केस गळत होते, हे मात्र कुणी लिहून ठेवले असेल तर शोधण्यासारखे आहे. आपल्यापैकी कुणी वैद्यकाचा आणि इतिहासाचा असा दुहेरी अभ्यास करत असेल, तर त्याने या दिशेने जरूर पाहावे. तेथे निदान लक्षणांची नोंद तरी मिळण्याची आशा आहे.

आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्यासाठी. जाड ठशातला अँटी-टीपीओचा आकडा पाहून घाबरू नये; तो पाचांतल्या एकाच्या अहवालात असतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की ग्रंथीवर अधूनमधून लक्ष ठेवायचे. मात्र घरातले कुणी चार-सहा आठवड्यांत ओळखू न येण्याइतके बदलले असेल, भास, गोंधळ आणि त्यासोबत हिसके, आकडी किंवा तोल जाणे असेल, तर मनोविकारतज्ज्ञासोबत मेंदूविकारतज्ज्ञालाही दाखवावे आणि हे केव्हा सुरू झाले, कोणत्या दिवशी बरे होते, कोणत्या दिवशी बिघडले, हे तारखेसह कागदावर लिहून न्यावे. लॉर्ड ब्रेन यांच्या रुग्णाचे कोडे असे उमगले की त्याचे झटके कुणीतरी एकामागून एक, क्रमाने नोंदवून ठेवले होते.